एक का दोन

माझे डोळे रेल्वेच्या मालकीचे आहेत.
ठरल्या मुदतीत भुसावळच्या दवाखान्यात त्यांची हजेरी होते,
रंगीत ठिपक्यांत दडवलेला आकडा मी वाचतो,
तक्त्याच्या शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता जातो.
कागदावर शिक्का : पात्र.

हेतल पाच आठवड्यांची असताना
मोबाइलच्या फोटोत एक बाहुली लाल आली
आणि दुसरी पांढरी, ताकाचा थेंब पडल्यासारखी.
वैजू म्हणाली, फ्लॅश असेल.
पुन्हा काढला. पडदे ओढून पुन्हा.
मग फोन उशीखाली सारला
आणि रात्रभर कुणी उशी हलवली नाही.

जळगावच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, थांबू नका,
मेंदू बघायला शिकतो ते याच आठवड्यांत.
ऑपरेशन पाऊण तासाचं.
पुढची अकरा वर्षं कुणी सांगितली नाहीत.
सांगितली असतील. मला ऐकू गेली नाहीत.

टिकलीएवढं भिंग, रोज घालायचं, रोज काढायचं.
पहिलंच कणकेत हरवलं,
वैजूनं मळलेला गोळा बोटाबोटानं उलगडला.
आणि पट्टी.
चांगल्या डोळ्यावर, दिवसाला चार तास.
जो बघतो त्याला कोंडायचं,
ज्याला येत नाही त्याला कामाला जुंपायचं.
पोर रांगताना चौकटीवर आपटायची,
ओरबाडून गालाची साल निघायची,
वैजू खोबरेल लावायची, पुन्हा चिकटवायची.
नेहेतेकाकू जिन्यातून विचारायच्या,
काय व बाई, चांगलाच डोळा झाकू राह्यली तू पोरीचा?
निघालेल्या पट्ट्या हेतल कपाटाच्या दाराला आतून लावायची.
दार आहे अजून. मोजल्या नाहीत.

मी तेव्हा मालगाडीवर.
इंजिनात नियम असा, सिग्नल दिसला की मोठ्यानं बोलायचा,
साथीदारानं तोच पुन्हा बोलायचा.
हिरवा. हिरवा.
एकट्याच्या डोळ्यांवर गाडी सोडत नाहीत.
घरी मात्र चार वर्षं
पट्टी लावणारे हात एकाच बाईचे होते,
आणि हे मला आत्ता, लिहिताना, दिसतंय.

सहाव्या वर्षी डोळ्यातला दाब चढला.
थेंब सकाळी, थेंब रात्री,
मे महिन्यात बाटली माठाच्या ओल्या फडक्यात.

परवा परवीनबाईंनी तक्ता लावला.
उजवा : सगळं.
डावा : वरचं एकटं थोराड अक्षर.
त्याच्याखालची ओळ? ‘मुंग्या.’
सहा-साठ, असं त्यांनी लिहिलं.
म्हणजे तुम्हाआम्हाला साठ मीटरवरून दिसतं
ते हिला सहावर यावं लागतं.
मी विचारलं, एवढं करून एवढंच?
वैजूनं माझ्याकडे पाहिलं नाही.
परवीनबाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या,
काहींना यापेक्षा बरंच मिळतं, काहींना हेही नाही.
कुणाला किती, ते आम्हालाही आधी सांगता येत नाही.
पट्टी नसती तर हे अक्षरही बहुतेक नसतं.
हेतल म्हणाली, मला भूक लागलीय.
स्टँडसमोर तिनं दोन कचोऱ्या खाल्ल्या.

रात्री मी गच्चीत होतो, ती आपणहून आली,
उजव्या डोळ्यावर तळवा, तोंड यार्डाकडे.
पप्पा, विचारा.
कोणता?
पिवळा.
एक का दोन?
मान कलती करून ती बराच वेळ बघत राहिली.
खालून खंडव्याकडची मालगाडी निघाली,
डबे संपेपर्यंत दोघंही गप्प.
पिवळाय, पण एक का दोन ते नाही कळत.

एक असेल तर पुढे लाल, थांबायची तयारी.
दोन असतील तर वेग आवरून पुढे जाता येतं.
या फरकाचा मला पगार मिळतो.
मी मोठ्यानं म्हणालो, पिवळा.
ती तळवा न काढता म्हणाली,
पप्पा, चीटिंग नका करू.
नीट सांगा, किती?